चौथीच्या वर्गात आप्पा

मंडळी, आज वर्गात जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बी.एड.च्या एक्स्चेंजमधून मी फिनलंडच्या एका शाळेत शिकवायला आलेय. आज चौथीला इंग्रजीतून उसावर पाठ घेतला. मुलांनी ऊस कधी पाहिलेलाच नव्हता, म्हणून कडेगावला आमच्या रानात असलेल्या माझ्या वडिलांना, आप्पांना, व्हिडिओ कॉल लावला.

एका मुलीने विचारलं, "तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?"

हा प्रश्न मी कॉलेजात कायम टाळत आलेय. आप्पांना तो मराठीत सांगताना अडखळले. ते मात्र सहज म्हणाले, "चौथीतनंच शाळा सुटली बग. तवा गुरं राखायला घरात दुसरं कोन न्हवतं."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मग ती मुलगी म्हणाली, "मग आमच्याच वर्गात या ना!" आणि तिने शेजारची रिकामी खुर्ची ओढून दिली.

मी ते मराठीत सांगताच आप्पा खळखळून हसले. "व्हय की, येतो! पर मास्तरीण मारनार न्हाई न्हवं?"

मीही हसले, डोळे पुसत. शाळा सुटल्यावर इथल्या मैत्रिणींना आप्पांचं शिक्षण मी स्वतःहून सांगितलं.

तुम्हीही घरातलं असं काही लपवत आलात का?