तिनेच सांगितलं

अनिसिम रुदचेंको उरलमधल्या त्या पोलादाच्या गावातच जन्मला आणि तिथल्याच भट्टीवर म्हातारा झाला. आई मात्र युक्रेनची, पोल्तावाकडची. म्हणून भट्टीवर सगळे त्याला 'खोखोल' म्हणायचे. युक्रेनी माणसाला चिडवायचा शब्द तो. "काय खोखोल, आज पण डुकराची चरबीच का?" असं विचारत लोक त्याच्याच डब्यातली खारवलेली चरबी फस्त करायचे. तोही हसायचा. बायको रशियन, मित्र रशियन, आपणही तेच, असं त्याला वाटायचं.

रशियाची युक्रेनशी लढाई सुरू झाली आणि त्या थट्टेला दात फुटले. इमारतीच्या अंगणात डॉमिनोचा डाव चालू असताना ग्लेबने सोंगटी आपटली. ग्लेब म्हणजे भट्टीवरचा जुना सोबती, अनिसिमला बापाच्या नावावरून 'पेत्रोविच' म्हणणारा. त्याचा पुतण्या आघाडीवर गेला होता.

"तुझे भाऊबंद आमची पोरं मारतायत, पेत्रोविच. तू कुणाकडून?"

कुणी हसलं नाही.

त्या दिवसापासून अनिसिमच्या घरी टीव्ही सकाळी लागायचा तो झोपेपर्यंत. टीव्हीवरचा माणूस सकाळी जे बोले तेच अनिसिम दुपारी अंगणात बोले, वर पदरच्या दोन शिव्या घाली. "कसला देश नि कसलं काय! सगळे नाझी. आपण त्यांना सोडवायला गेलोय."

"तुझी आई पण नाझी का रे?" क्लावदियाने, त्याच्या बायकोने, एकदा विचारलं.

"आईचं नाव काढू नकोस. ती आपली होती."

एप्रिलात, बर्फ अजून होता तेव्हा, गावाबाहेरच्या आरोग्यधामात लढाईत उद्ध्वस्त झालेल्या युक्रेनच्या मारियुपोलची माणसं आणून ठेवली. अनिसिम आईचे नमद्याचे, जाड लोकरीचे बूट घेऊन तिकडे गेला. पहिल्याच खोलीत मोत्र्या नावाची म्हातारी खाटेवर बसली होती, पायात कापडी सपाता. "ये लेकरा, बस," ती म्हणाली, थेट त्याच्या आईच्या बोलीत. मोडकंतोडकं का होईना, तोही तीच बोली बोलला. खाली बसून स्वतःच्या हातांनी तिला बूट घातले.

"घर कसं गेलं, मावशी?"

"रणगाडा आला चौकात. पांढरं अक्षर होतं त्यावर. नळी वळवली नि आमच्या मजल्यावर डागली. माझी लेक स्वैपाकघरात होती."

अनिसिमचे हात थांबले. "ते तुमचेच असणार. मुद्दाम आपल्या रशियन फौजेचं अक्षर रंगवून येतात. टीव्हीवर दाखवलंय."

"मी खिडकीतच होते रे."

"तुम्हाला काय कळतंय!" तो एकदम रशियनमध्ये ओरडला. दारात आरोग्यधामाची देखरेखवाली येऊन उभी राहिली. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, मग अनिसिमकडे.

"असेल बाबा," ती रशियनमध्ये म्हणाली. "आमचेच असतील. मला कमीच दिसतं."

संध्याकाळी अंगणात अनिसिमने सगळ्यांना सांगितलं, "मी स्वतः विचारलं. तिनेच सांगितलं, आमच्याच लोकांनी मारलं म्हणून." ग्लेबने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू आपलाच रे, पेत्रोविच."

आठवड्याने तो मध घेऊन पुन्हा गेला. म्हातारीने उभं राहून, शाळेतल्या पोरीसारखे आभार मानले, रशियनमध्ये. त्याने आईच्या बोलीत दोन गोष्टी विचारल्या. तिने उत्तरंही रशियनमध्येच दिली. सगळं छान आहे, जेवण छान आहे, सगळ्यांची कृपा. मे महिन्यात तिची नात कुणाकुणाच्या मदतीने तिला एस्टोनियामार्गे देशाबाहेर घेऊन गेली. अनिसिमला ते देखरेखवालीकडून कळलं.

मग शाळेने त्याला बोलावलं. खोखोल असून खरं बोलणारा माणूस! तो शाळेत बोलला, वाचनालयात बोलला. प्रत्येक खेपेला त्याच्या गोष्टीतली म्हातारी जास्त रडू लागली, स्वतःच्या सैनिकांना शिव्याशाप देऊ लागली. पुढे पुढे तर तिने अनिसिमचे हात धरून चुंबले. शेवटी शेवटी त्याला ते आठवूही लागलं.

क्लावदिया एकाच सभेला गेली, पुढच्या हिवाळ्यात. म्हातारीने हात चुंबल्याचं तिने तिथेच पहिल्यांदा ऐकलं. परत येताना ती त्याच्या चार पावलं पुढेच चालत राहिली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. बर्फ आहे, खाली बघून चाल."

त्यानंतर ती त्याला जेवायला वाढायची, औषध द्यायची. पण तो काही सांगू लागला की उठून दुसऱ्या खोलीत जायची, आणि दार लोटून घ्यायची.