पांढऱ्या धाग्याची डबी

हातात काहीही आलं की मामा आधी ते उलटं करून बघायचे. पुस्तक दिलं की मागची बाजू, बिस्किटाचा पुडा दिला की खालची, चहा संपला की बशीचं बूड. एकदा वाचनालयाच्या कार्यक्रमात अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर सत्काराची शाल घातली. यांनी ती तिथल्या तिथे काढली, उलटी केली आणि नखानं धागा खरवडून बघितला. समोरची माणसं हसायला लागली. मामा शांतपणे म्हणाले, "वरनं सगळंच चांगलं दिसतंय की. मागनं बघावं."

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत, आमचं एका खोलीचं वाचनालय आहे. तिथली ग्रंथपाल मी, झाडू मारणारी मी आणि पेपरवरून होणारी भांडणं मिटवणारीही मीच. मामा, म्हणजे सगळ्या गल्लीचेच मामा, रोज दुपारी जेवून यायचे, तेलुगू पेपर उघडायचे आणि दुसऱ्या पानावर झोपी जायचे. असा एक माणूस तुमच्याही वाचनालयात असेलच. पेपर धरलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, डोळे मिटलेले. आमच्या मामांचं वेगळेपण एवढंच, की झोपेतही त्यांचा अंगठा पहिल्या बोटावर फिरत असायचा, धाग्याला पीळ दिल्यासारखा.

सगळी हयात त्यांनी एका चादरीच्या कारखान्यात काढली. चादरीवर मोर उठवायचा तर मागाला तो समजावून सांगावा लागतो, आणि मागाला कळते ती पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची भाषा. पट्टीला भोक असेल तिथे धागा उचलायचा, नसेल तिथे सोडायचा. नक्षी काढणारे वेगळे असत. ते चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून देत, आणि मामा तो कागद समोर ठेवून ओळीमागून ओळ भोकं पाडत.

"मी कवा काय काढलं न्हाय," ते सांगायचे. "दुसऱ्यानं काढायचं, मी नुसतं उचल-सोड करायचं."

कारखाना बंद झाला तेव्हा ते चौकटीचे कागद रद्दीत निघाले होते. मामांनी ते सायकलवर लादून घरी आणले आणि पलंगाखालच्या पेटीत ठेवले. त्या कागदांवर त्यांचा फार जीव होता. कोयऱ्या, कमळं, हत्ती, वेली, सगळ्या गल्लीची कमाई त्या पेटीत आहे, असं ते म्हणायचे. पुढे पेटीला वाळवी लागली, आणि मामांची झोप उडाली.

त्याच सुमारास कुणीतरी वाचनालयाला एक इवलासा संगणक भेट दिला. साबणाच्या वडीएवढी हिरवी पाटी, तिच्यावरच सगळं जोडलेलं. त्याची अख्खी कार्यप्रणाली नखाएवढ्या मेमरी कार्डात भरलेली होती, आणि दुखणंही तिथेच होतं. आमच्या गल्लीत वीज गेली की घड्याळाकडे बघावं लागत नाही. सगळे माग एका क्षणात गप्प होतात. त्या खडखडाटात गाढ झोपणारे मामा शांतता झाली की दचकून जागे व्हायचे. मग खोलीत नुसतं ऊन आणि कापसाची तरंगणारी बारीक धूळ उरायची, आणि आपण पाण्याखाली बसलोय असं वाटायचं. त्याच क्षणी संगणकाचं ते कार्ड मात्र बिघडलेलं असायचं. महिन्यातून दोनदा मी ते नव्यानं भरायची आणि तोंडानं जप चालू असायचा, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

मामांनी ती पाटी हातात घेतली, अर्थातच उलटी केली, आणि पोटाकडचे सोल्डरच्या डाखाचे ठिपके बोटानं चाचपले. आत सगळा कारभार एक आणि शून्याचा असतो, एवढं मी सांगितलं. पुढचं सांगावं लागलं नाही. "ह्ये तर आमचंच हाय की," ते म्हणाले. "उचल, सोड."

आम्ही ठरवलं की कार्डाचा नाद सोडायचा आणि कार्यप्रणाली बाहेरून जोडायच्या ड्राइव्हवर बसवायची. ती अशी पटकन बिघडत नाही. समितीच्या मागे लागून दोन ड्राइव्ह आणल्या, काळ्या, एकसारख्या, काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या. मामा त्यांना डबी म्हणायचे. एका डबीत कार्यप्रणाली, दुसरीत त्या नक्ष्यांचे फोटो. म्हणजे गल्लीतल्या कुणालाही वाचनालयात येऊन त्या बघता येतील.

तो अख्खा हिवाळा आम्ही फोटो काढले. मामा कागद उन्हात धरायचे, मी माझ्या फोनवर टिपायची. डबीत घातले की फोनमधले पुसायचे, कारण माझ्या फोनचं पोट तेवढंच. शेवटचा कागद झाला आणि मामांनी वाळवी लागलेले ते सगळे कागद अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातले.

"अहो मामा, राहू द्यायचे होते की," मी म्हणाले.

"वाळवी हाय अम्मा. तुमच्या पुस्तकात शिरली तर? आता आत गेलं की सगळं."

त्यांनी दोन्ही डब्यांना धागा बांधला, एकीला लाल, एकीला पांढरा. सारख्या दिसतात, चुकायला नको म्हणून. मी बघितलं आणि मान हलवली. काय कशाला बांधलंय ते विचारलं नाही. लाल म्हणजे हात लावू नका, हे काय विचारायचं असतं?

मग मामा मुलीकडे तेलंगणात गेले, नातीच्या बारशाला. जाताना सांगून गेले, "मी आल्यावर बसवू. घाई कुणाला हाय?"

घाई मला होती. मी जन्माची उतावळी. त्यांना येताक्षणी सगळं चालू करून दाखवायचं, असं डोक्यात घेतलं आणि एका दुपारी कार्यप्रणाली भरायला पांढऱ्या धाग्याची डबी लावली. यातलं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का, असं पडद्यावर विचारलं. मी हो म्हटलं. एवढ्यासाठी थांबते होय मी?

पंधरा-वीस मिनिटांत काम झालं. कार्ड काढून टाकलं, डबी पाटीच्या निळ्या खाचेत जोडली, बटण दाबलं. आधी पडद्यावर इंद्रधनुष्याच्या रंगांचा एक चौकोन उमटला, मग सगळं इतकं भराभर उघडलं की मी एकटीच हसले. मग मामांच्या नक्ष्या बघाव्यात म्हणून लाल धाग्याची डबी जोडली. ती रिकामी होती.

म्हणजे फोटो मी पुसलेल्या डबीत होते. दुरुस्तीवाल्याकडे पळाले. त्यानं डबी दोन दिवस ठेवून घेतली आणि काही फोटोंचे वरचे दोन-दोन बोटांचे तुकडे काढून दिले. खाली सगळं करडं. "वरून लिहिलं गेलंय ताई," तो म्हणाला. "आता हाताला काही लागत नाही."

मामा आले त्या दिवशी मी त्यांना पेपरही उघडू दिला नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं आणि रडले. त्यांनी डबी हातात घेतली, उलटी केली, पांढरा धागा बोटात धरून बसले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"कारखान्यात लाल धागा म्हंजे सुताचा रूळ संपला, उतरवा," ते म्हणाले. "पांढरा म्हंजे माल चढलाय, हात लावू नका. सगळ्यांना ठावं असतंय."

"मला नव्हतं, मामा."

"मी सांगाय पायजे होतं."

ते मला जास्तच लागलं. चूक माझी, आणि हे अर्धी स्वतःच्या पदरात घेऊन बसले. नंतर चार दिवस ते फिरकले नाहीत. त्यांची खुर्ची मी रोज पुसून ठेवली, कुणाला बसू दिलं नाही.

पाचव्या दिवशी आले आणि विचारलं, "मशीन पळतंय का पण?"

"पळतंय."

"मग चौकोनाचा कागद उघडा त्यात. माझा हात थरथरतोय, तुमी भरा. मी सांगतो."

अशी आमची दुपार सुरू झाली. मामा डोळे मिटून खुर्चीत मागे टेकायचे आणि सांगायचे, "उचल, उचल, सोड. तीन उचल. लई सोड." मोजताना तेलुगूत जायचे, ओकटी, रेंडू, मूडू, आणि मी पडद्यावर एकेक चौकोन काळा करायची. बाहेर माग चालायचे, पंखा फिरायचा, आणि त्या उचल-सोडीच्या तालात मलाही अर्धवट झोप लागायची. कधी मामा मधेच घोरायला लागायचे आणि जागे होऊन नेमकी पुढची ओळ सांगायचे. एका ओळीला कधी एक दुपार जायची. वीज गेली तरी आता डबीला काही होत नव्हतं.

कधी ते फार वेळ गप्प राहिले की माझा जीव वरखाली व्हायचा. "आठवत नाही का मामा?" मी विचारायची.

"येतंय, येतंय."

मला वाटायचं, माझ्यामुळे या म्हाताऱ्या माणसाला आठवणी खरवडून काढाव्या लागताहेत. दर ओळ मी फेड म्हणून भरत होते.

नक्ष्याही चमत्कारिक. पहिली भुईमुगाची निघाली. आधी खाली मातीतल्या शेंगा, मग मुळं, आणि शेवटी वर चार पानं. एकीत नुसते ओट्यावर बसलेल्या माणसांचे पाय. "अशा चादरी निघायच्या तुमच्या कारखान्यात?" मी विचारलं.

"निघतील की," मामा डोळे न उघडता म्हणाले.

दोन वर्षांत अकरा नक्ष्या पुऱ्या झाल्या. बारावी तळ्याची होती. खालून पाणी झालं, मग लव्हाळं, मग पक्ष्यांचे लांब लांब पाय. पोटं अर्धी भरली आणि पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी मामा गेले, झोपेतच. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी वाचनालयाचं कुलूप काढत होते. मी तशीच पायरीवर बसले.

महिन्याभरानं त्यांच्याच कारखान्यातले एक जुने विणकर वाचनालयात आले. मामांनी तीस वर्षं भोकं पाडलेल्या पट्ट्या ज्या मागांवर चढल्या, त्यातले दोन माग हेच चालवायचे. मी मोठ्या अभिमानानं त्यांना अकराही नक्ष्या दाखवल्या. म्हटलं, मी पुसल्या होत्या, मामांनी परत आणल्या.

त्यांनी सगळ्या नीट बघितल्या. भुईमुगापाशी पुन्हा आले. मग म्हणाले, "ताई, यातली एकबी आमची न्हाय."

"म्हणजे?"

"आमच्याकडं कोयरी, कमळ, हत्ती. ह्ये कुणी काढलंच न्हाय कवा. मी वळखीन की, हातानं विणलंय सगळं."

मी पुन्हा पुन्हा विचारलं. ते ठामच होते. जाताना दारात थांबून म्हणाले, "मालकाला लई येळा म्हणायचा, मी एक काढून दावू का. मालक म्हणायचा, तू भोकं पाड."

ते गेल्यावर मी अकराही नक्ष्या पुन्हा उघडून बघितल्या. दोन वर्षं मी फेड करत होते आणि मामा दोन वर्षं काहीच आठवत नव्हते, मनातलं काढत होते. मला त्यांचा रागही आला. सांगायचं तरी होतं, माझं ओझं उतरलं असतं. मग वाटलं, सांगितलं असतं तर मी अशी मुकाट बसून चौकोन भरले असते का? मधे मधे शहाणपणा शिकवला असता. पाय कशाला मामा, माणसं काढा की, असं नक्की म्हणाले असते. म्हणून माझी चूक भरून निघाली, असं मात्र मी म्हणत नाही. त्या कोयऱ्या आणि ते हत्ती गेले ते गेलेच. त्या विणकराच्या चेहऱ्यावर ते मला दिसलं.

राहिली बारावी. इतके दिवस मला वाटायचं, कुठेतरी जुनी चादर सापडेल आणि तिच्यावर बघून मी ती पुरी करीन. आता तशी चादर नाही हे कळलंय. पाण्यात पाय रोवलेले ते सात पक्षी अर्ध्या पोटापर्यंत आलेत आणि वर सगळे चौकोन पांढरे आहेत. ते पंख मिटून उभे राहणार होते की उडणार होते, हे फक्त मामांना माहीत होतं, आणि कदाचित त्यांनाही अजून आलं नसेल.

काल दुपारी मी मशीन लावलं, ते पान उघडलं आणि डोळे मिटून बसले. मला काही येईना. तरी धीर केला आणि पहिल्या पक्ष्याच्या पाठीवर एक चौकोन काळा केला. बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. चूक असेल, बरोबर असेल, सांगायला आता कुणी नाही.

पुसला नाही.