गेटवरून परत पाठवलेली मुलगी

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठल्या ठाण्यात कुठला पंचनामा केला, हे कोणी विचारलं तर धड सांगता येत नाही. ही एक घटना मात्र जशीच्या तशी आठवते, आणि मी सरकारी कागदावर लिहिली त्याहून वेगळी आठवते. तो फरक माझ्या हातून झाला, म्हणून हे लिहितो आहे.

आमचं घराणं बेंगळूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आहे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. माझ्या बोलण्यात ‘थोडं’साठी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’साठी ‘सरी’ इतके मुरलेले आहेत, की पुण्याहून आलेले आयटीवाले शेजारी माझं मराठी ऐकून हसू दाबतात. शेवटची नेमणूक पीण्या औद्योगिक क्षेत्राच्या बाजूच्या एका ठाण्यात होती. मी तिथे इन्स्पेक्टर. हद्दीत छोटे कारखाने, कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आणि शाळा. खासगी शाळा तर प्रत्येक वळणावर, आणि प्रत्येकीच्या भिंतीवर दहावीच्या निकालाचा फ्लेक्स: शंभर टक्के.

एका संध्याकाळी एक कामगार ठाण्यात आला. हाताला मशीनचं तेल तसंच होतं. नववीतली त्याची मुलगी शाळेतून घरी आली नव्हती. तो तुटक्या हिंदीत सांगत होता, तक्रार लिहून घेणारा स्टेशन रायटर कन्नडमध्ये विचारत होता, दोघंही वैतागले होते. मी केबिनमधूनच मराठीत हाक मारली.

“कुठले तुम्ही?”

तो वळला. “सांगलीकडचा, सायेब. तुमी मराठी?”

“इथलाच. पण मराठी. बसा अण्णा, स्वल्प पाणी प्या आधी.”

पाणी पिताना त्याला रडू आलं. आपली भाषा ऐकली की माणसाचा बांध फुटतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. आणि वापरलंही आहे.

अल्पवयीन मूल हरवलं की अपहरण धरूनच गुन्हा नोंदवायचा, असा नियम आहे. तो नोंदवला. मुलीकडे मोबाइल नव्हता. फोटो सगळ्या ठाण्यांना, रेल्वे पोलिसांना आणि सिटी बसच्या डेपोंना पाठवला. रात्रभर शोध चालला, हाती काही लागलं नाही.

सकाळी सबइन्स्पेक्टरला शाळेत पाठवलं. त्याने फोनवर कळवलं, “सर, शाळा म्हणते मुलगी आठवडाभर गैरहजर आहे.”

वडील म्हणत होते, पोरगी रोज युनिफॉर्म घालून, डबा घेऊन शाळेला गेली. म्हणजे दोघांतलं कोणीतरी खोटं बोलत होतं. कोण, ते मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. घरातून निघालेलं मूल शाळेत पोचत नसेल तर कारण घरातच असतं, हा आमच्या खात्यातला ठोकताळा. तो बऱ्याचदा खरा ठरतो, म्हणूनच घातक आहे. शंभर टक्के निकालाची शाळा खोटं कशाला बोलेल, असंही मनात होतं.

दुपारी वडिलांना समोर बसवलं. आवाज चढवला नाही.

“घरात काही झालं होतं?”

“न्हाई सायेब.”

“अण्णा, मी आपला माणूस. बाकीच्यांना तुमची भाषा कळत नाही. मला सांगा, मी सांभाळून घेतो.”

त्याने खुर्ची पुढे ओढली.

“मारली व्हती सायेब. गेल्या म्हैन्यात. गणितात नापास झाली म्हणून दोन चापट्या. तिची आई चार दिवस माझ्याशी बोलली न्हाई.”

“आणि पोरगी?”

“ती? तीच इचारत व्हती, बाबा, हात दुखला का.” एवढं बोलून तो हसला आणि मग त्याने तोंडावर हात घेतला.

जबाब कन्नडमध्ये लिहिला गेला. मी तो त्याला मराठीत वाचून दाखवला, एक शब्द इकडेतिकडे केला नाही. “खरं हाय,” तो म्हणाला आणि त्याने सही केली. शोध अजून चालू होता, पण माझ्यापुरता कारणाचा प्रश्न सुटला होता.

त्यानंतर थोड्याच वेळात ठाण्याचा फोन वाजला. पलीकडे सिटी बसची एक लेडी कंडक्टर होती. बाई कन्नडमध्ये आणि चढ्या आवाजात बोलत होती.

“सर, फोटो आमच्या डेपोच्या ग्रुपवर आला. ही मुलगी माझ्या गाडीतली. मॅजेस्टिकच्या मोठ्या स्टँडला चढते, शहराबाहेर होसकोटेपर्यंत जाते, त्याच गाडीने परत. ड्रायव्हरच्या मागची सीट. मांडीवर पुस्तक.”

“कधीपासून?”

“आठवडा होत आला.”

“शाळेच्या वेळेत युनिफॉर्ममधली मुलगी बसमध्ये फिरते आणि तुम्ही विचारलं नाही?”

“विचारलं ना! म्हणाली, शाळा सकाळची आहे. आणि सर, बायकांना तिकीट फुकट. आधार दाखवलं की झालं. कुठे जाते, कशाला जाते विचारलं की बायका माझीच तक्रार ठोकतात. तुम्ही येऊन एकदा गर्दीत तिकिटं फाडून बघा.” मग आवाज खाली आला. “घरी कोणी रागावत असेल म्हटलं. माझ्या गाडीत बसली तर निदान डोळ्यांसमोर होती.”

“काल?”

“काल होसकोटेला उतरली ती परत चढली नाही. उतरताना मला विचारलं, अक्का, इथे सरकारी हॉस्पिटल कुठे आहे?”

एकटी शाळकरी मुलगी सरकारी हॉस्पिटल शोधते, तेव्हा पोलिसाच्या डोक्यात जे येतं ते माझ्या डोक्यात आलं. वडिलांना काही सांगितलं नाही. एका महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी जीपने निघालो. शहर ओलांडून आम्ही होसकोटेच्या सरकारी हॉस्पिटलात पोचलो.

मुलगी बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. शेजारी एक म्हातारी तिला चित्रान्नाचा भात भरवत होती. आम्हाला बघून म्हातारीच तडकली, “तिला काही म्हणू नका. तिची अक्का आत अडलेली आहे. पोर रात्रभर माझ्या सुनेच्या उशाशी बसली.”

अक्का वगैरे कोणी नव्हती. कॉन्स्टेबलने तिला बाजूला घेतलं आणि जे विचारायचं ते सगळं विचारलं. कोणी हात लावला नव्हता. कोणी पळवून नेलं नव्हतं. मी मराठीत विचारलं, “मग हॉस्पिटलमध्येच का आलीस?”

“इथे रात्री दिवे असतात. बायका असतात. कोण कोणाची, हे कोणी विचारत नाही.”

आठवडाभर तिने बसमध्येही ड्रायव्हरच्या मागची सीट धरली होती. ही मुलगी स्वतःचा बंदोबस्त स्वतः लावत होती.

परतीच्या वाटेत जीपमध्ये तिने सगळं सांगितलं. नववीच्या सराव परीक्षेत ती दोन विषयांत नापास झाली होती. दहावीचा निकाल बिघडू नये म्हणून अशा मुलांना शाळा नववीतच दाखला देऊन मोकळी होते. त्यासाठी पालकांची सही लागते. पालक आल्याशिवाय वर्गात घ्यायचं नाही, असा हुकूम होता. ती रोज सकाळी गेटवर जायची आणि रोज तिला तिथूनच परत पाठवत: वडिलांना घेऊन ये. शाळा तिला गैरहजर मांडत होती. शेवटच्या दिवशी सांगितलं, उद्या घरीच माणूस पाठवतो. म्हणून त्या दिवशी ती घरी गेली नाही.

“बाबांना सांगायचं होतंस की. मारतील म्हणून भ्यालीस?”

“नाही!” ती जवळजवळ ओरडली. “मागच्या वेळी बाबांना बोलावलं होतं. मॅडम नुसत्या इंग्रजीत बोलत होत्या. बाबा आपले येस मॅडम, येस मॅडम करत होते. मॅडम क्लार्ककडे बघून हसल्या. बाबांना कळलं नाही. मला कळलं.”

बापाचा पुन्हा तसा अपमान होऊ नये, म्हणून ती पोर आठवडाभर बसमधून फिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः शाळेत गेलो. गेटचा कॅमेरा पाहिला. दप्तर घेऊन मुलगी येते, वॉचमन मान हलवतो, ती थोडी रेंगाळते आणि रस्त्याकडे वळते. दिवसामागून दिवस तेच. मुख्याध्यापिकाबाईंनी नाकारलं नाही.

“सर, दहा-बारा मुलांमुळे सगळ्या शाळेचा निकाल खाली येतो. बाकीच्यांनी काय पाप केलं? निकाल गेला की ॲडमिशन्स जातात.”

“परत पाठवलीत तेव्हा घरी फोन केलात?”

“फोनवर हे पालक नुसतं हो म्हणतात. मूल बाहेर राहिलं की बरोबर येतात. ही पद्धत सगळीकडेच आहे.”

पद्धत सगळीकडेच आहे, हे मला नव्याने कळायला नको होतं. माझ्या हेडमास्तरांनी मलाही असंच फाटकाबाहेर काढलं होतं, ‘अप्पांना घेऊन ये’ म्हणून. माझ्या मुलांना मी तो किस्सा हसत हसत सांगत असे. त्यामुळे कॅमेऱ्यात जे दिसत होतं ते मला गुन्हा वाटलंच नाही. शाळेतल्या भानगडीसारखं वाटलं. मी कॉफी घेतली, बाईंना दोन शब्द समजुतीचे सांगितले आणि निघालो.

अहवालात मी लिहिलं: अभ्यासावरून वडिलांनी केलेल्या मारहाणीमुळे मुलगी घर सोडून गेली. पुरावा म्हणून वडिलांचा सही केलेला जबाब. गेटचा उल्लेख नाही.

इथे वरून फोन आला होता असं लिहिता आलं असतं, लोकांचा विश्वासही बसला असता. फोन आला नव्हता. कोणी पाकीट दिलं नव्हतं. मूल सापडलं होतं, फाइल बंद करायची होती आणि माझ्याकडे एक कारण तयार होतं.

सापडलेल्या मुलाला बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. समितीने माझा अहवाल वाचला. मुलगी म्हणत होती, “बाबा नाही, शाळा. शाळेने आत घेतलं नाही.” समितीतल्या एका बाईंनी मला सरळ विचारलं, “शाळेकडून काही झाल्याचं चौकशीत आढळलं का?”

मी म्हणालो, “तसं आढळलं नाही.”

अहवालात न लिहिणं ही चूक होती असं म्हणता येईल. हे मात्र खोटं होतं. मुलगी माझ्याकडे बघत होती. जीपमध्ये तिने मलाच सगळं सांगितलं होतं, आपल्या भाषेत.

मारणाऱ्या बापाच्या घरी मूल परत पाठवणं धोक्याचं, असं ठरलं. समितीचं चुकलं नाही. त्यांच्यापुढे माझाच कागद होता. मुलगी दोन महिन्यांच्या आसपास बालगृहात राहिली. वार्षिक परीक्षा बुडाली. दाखला मधल्या काळात शाळेने सहीशिवायच टपालाने घरी पाठवला. गल्लीत बाप ‘पोरीला मारून हाकललेला’ झाला आणि त्याला खोली बदलावी लागली.

त्या दिवसांत तो एकदा ठाण्याच्या पायरीवर भेटला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, “सायेब, मी खरं सांगितलं, तुमी खरं लिवलं. मग माझी पोरगी तिकडं का?”

मी बंदोबस्ताला निघालो आहे असं सांगून जीपमध्ये बसलो.

या प्रकरणात स्वतःच्या अंगावर येणारं खरं सांगून त्यावर सही करणारा माणूस तो एकटा होता, आणि शिक्षा झाली ती त्यालाच. त्याने सांगितलेलं खरं मी उचललं आणि मुलीने सांगितलेलं खरं खाली ठेवलं. जबाब घेताना माणसाला आपलेपणा दाखवणं सोपं असतं. त्याने त्या आपलेपणावर विसंबून जे दिलं, त्याचं पुढे काय करतो, यावरून अधिकारी ओळखावा. हे मला निवृत्तीच्या वाटेवर कळलं.

शाळांबद्दलही एक सांगतो. गेटपर्यंत आलेलं मूल शाळेच्या ताब्यात असतं. त्याला बाहेर पाठवायचं तर घरच्या माणसाच्या हाती द्यावं लागतं. आम्ही कोठडीतला आरोपीसुद्धा नुसता रस्त्यावर सोडत नाही, सही घेऊन कोणाच्या तरी हाती देतो. फ्लेक्सवर जे शंभर टक्के असतात, त्यांत गेटवरून परत गेलेली मुलं मोजलेली नसतात. एखाद्या ठाण्यात शाळेचं मूल हरवल्याची तक्रार आली, तर तरुण अधिकाऱ्याने बापाला बोलावण्याआधी गेटचा कॅमेरा बघावा.

निवृत्तीनंतर मी समितीला आणि शिक्षण खात्याला लेखी कळवलं, की माझा अहवाल अपुरा होता आणि समितीपुढचं माझं उत्तर खोटं होतं. पोच मिळाली. पुढे काही झालेलं नाही. होईल असं धरून मी ते लिहिलंही नव्हतं.

मग त्या घराचा पत्ता काढला. दार मुलीने उघडलं. सरकारी शाळेतून ती दहावी पास झाली होती, हे मला नंतर तिच्या आईकडून कळलं. तिने मला ओळखलं. आत वळून “बाबा, ते आलेत,” एवढं म्हणाली आणि पडद्यामागे गेली. आईने पाणी आणून ठेवलं, पण घ्या म्हणाली नाही.

मी हे लिहिलेलं वडिलांना वाचून दाखवलं. शाळेतल्या ‘येस मॅडम’चा भाग आला तेव्हा त्याने मान खाली घातली. संपल्यावर मी म्हणालो, “अण्णा, तुमच्या चापट्यांचं काढून टाकतो. त्याची आता गरज नाही.”

“नगा काढू सायेब. दोन मारल्या व्हत्या. खरं हाय ते ऱ्हाऊ द्या.”

पडद्यामागून आवाज आला, “एकच होती, बाबा.”

बाप पडद्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून त्याने दोन बोटं दाखवली.

वडिलांचं म्हणणं दोन, मुलीचं म्हणणं एक. दोघांचंही इथे नोंदवलं आहे.