नळाचा दिवस आणि आमचा डेंग्यू प्रोजेक्ट

चूक पाठक सरांची होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण किस्से सांगता सांगता माणूस मवाळ होतो आणि ऐकणारे म्हणतात, "जाऊ दे रे, मोठे आहेत!" मोठे आहेत म्हणूनच तर चूक एवढी मोठी झाली. माझ्यासारख्यानं केली असती तर एका रजिस्टरात मावली असती.

आता किस्से. आम्ही दीड वर्ष मुकुंदवाडीत घरोघर जाऊन पाण्याच्या ड्रमची झाकणं उचलत होतो. दुसऱ्याच्या घरातलं झाकण उचललं की खाली नुसतं पाणी नसतं. सासू-सुनेचं भांडण असतं, भाडेकरू आणि मालकाचा वाद असतो, डासांच्या अळ्या तर असतातच. रोज एक किस्सा माझ्यासोबत घरी यायचा. गावाकडून आई फोनवर विचारायची, "तू कामाला जातो का लग्नाला?"

प्रोजेक्ट डेंग्यूवरचा. आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून घासला तर डास कमी होतात का, हे बघायचं. आधी एक राउंड मारून अळ्या मोजायच्या, मग लोकांना ट्रेनिंग द्यायचं, मग परत मोजायच्या. प्रमुख पाठक सर. सुपरवायझर साळवेकाका, सगळी नोकरी मलेरिया विभागात काढून रिटायर झालेले. सुरेखाताई त्या भागातल्या आशा वर्कर, गल्लीतलं प्रत्येक बाळंतपण त्यांना पाठ. आणि मी, बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडलेला, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात अळ्या काढायचा डाव.

मला एकच गोष्ट पाहिजे होती. लॅब. सरांच्या खोलीशेजारी ती होती, आत दोन मायक्रोस्कोप. सर म्हणाले होते, "प्रोजेक्ट नीट पार पडला की तुला लॅबमध्ये घेतो." तेवढ्या एका वाक्यावर मी दीड वर्ष उन्हात फिरलो.

*

माझा इंटरव्ह्यू पाच मिनिटांचा झाला.

सरांनी विचारलं, "कॉलेज का सोडलं?"

"प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोप हातात देत नव्हते. सर स्वतःच बघायचे आणि आम्हाला सांगायचे काय दिसलं ते."

"कोण होते सर?"

"तुमच्यासारखेच होते."

शेजारी बसलेल्या साळवेकाकांना चहाचा ठसका लागला. मला वाटलं, संपलं. सरांनी माझा अर्ज उलटा करून बघितला, चष्मा काढला, परत घातला.

"मोटरसायकल आहे का?"

"आहे."

"सोमवारपासून ये."

संशोधनाला नेमकं काय लागतं ते मला त्या दिवशी कळलं.

*

आमचं गाव अजिंठ्याच्या बाजूला. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, कॉलेज सोडल्यापासून माझ्याशी बोलणं कमी केलं होतं. पण ही नोकरी लागल्यावर गावभर सांगितलं, "पोरगं संशोधनात आहे." पारावर माझी इज्जत एकदम वाढली.

मग एक दिवस आमचे चुलते घरी आले. म्हणाले, "भाऊ, आमच्या वाड्यावर लई डास झालेत. संशोधकाला जरा पाठवा की."

दादांनी शांतपणे सुपारी कातरली आणि म्हणाले, "तो मारत नाय. नुसतं मोजतो."

*

प्रश्नावली दिल्लीहून छापून आली होती. तिथं मराठी कुणी केलं देव जाणे. चौदावा प्रश्न: "आपण घरात सात दिवसांपेक्षा अधिक काळ पाणी साठवता काय?" पंधरावा: "होय असल्यास, कारण?" त्याखाली चार चौकोन. सवय. आळस. अज्ञान. इतर.

पहिल्याच घरातल्या काकूंनी पदर खोचला. "कारण? आता कारण मी सांगू का? तू कुठं राहतो रे?"

"इथंच, ठाकरे चौकाच्या मागं."

"तुझ्या घरी नळ रोज येतात?"

"नाय काकू. आठ दिवसाला."

"मग तू का साठवतो? सवय का आळस?"

मी साळवेकाकांकडं बघितलं. ते बाहेर ओट्यावर बसून पाय दाबत होते. म्हणाले, "अज्ञान लिही. वर पाठवायला तेच बरं असतं."

काकू आतून ओरडल्या, "अज्ञान कुणाचं ते बी लिही!"

त्याला चौकोन नव्हता.

*

साळवेकाकांची एक पद्धत होती. घर तपासलं की दाराच्या बाजूला गेरूनं तारीख टाकायची. मलेरिया विभागात आयुष्य गेलं त्यांचं, तारीख टाकायचा हात असा की पेंटरनं मान खाली घालावी. घर तपासणं मात्र गुडघे दुखायला लागल्यापासून मागं पडलं होतं.

एकदा एक बाई चिडून दारात आल्या. "काका, तुम्ही आत आलाच नाय, आन भिंतीवर तारीख टाकली. ती बी पुढच्या सोमवारची!"

दुसरा माणूस असता तर पुसली असती. काकांनी गेरू खिशात ठेवला आणि बोट उगारलं. "मग आता सोमवारपर्यंत डास होऊ देऊ नका!"

बाईंनी खरंच मान डोलावली. मी गाडीजवळ जाऊन तोंडात रुमाल कोंबला.

हा माणूस माझा सुपरवायझर. माझ्या कामावर सही यांची, आणि माझी लॅब त्या सहीवर!

*

मग गप्पी मासे आले. ड्रममध्ये सोडायचे, ते अळ्या खातात. साधं गणित. एका खालांकडं आम्ही चार मासे दिले. पंधरा दिवसांनी गेलो तर ड्रममध्ये अळ्यांची जत्रा भरलेली, आणि मासे एकही नाही.

"खाला, मछली मर गयी क्या?"

"अल्ला न करे!" खाला आत गेल्या आणि काचेची बरणी घेऊन आल्या. आत चार मासे, खाली रंगीत गोट्या, वर बिस्किटाचा चुरा. मासे इतके सुजलेले की वळताना एकमेकांना लागत होते.

"खाला, इनको कीड़े खाने के वास्ते छोड़े थे ना."

"इत्ती सी जान, और उसको कीड़े खिलाऊं मैं? तेरेकू खिलाती कोई?"

मी रिपोर्टात जसंच्या तसं लिहिलं. सरांनी ते खोडून लिहिलं, "मत्स्यसंगोपनात महिलांचा उत्स्फूर्त सहभाग."

*

सर फिल्डवर एकदाच आले. पांढरा शर्ट, सोबत फोटोग्राफर. त्यांना "कोरडा दिवस" म्हणून फोटो पाहिजे होता: गृहिणी ड्रम रिकामा करते आहे आणि सर मार्गदर्शन करत आहेत.

सुरेखाताईंनी त्यातल्या त्यात गरीब स्वभावाचं घर निवडलं. सर त्या बाईंना म्हणाले, "ताई, हा ड्रम जरा कलंडा बरं."

बाई अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कलंडते की सर. नळ यायला अजून पाच दिवस हायेत, तवर माझी लेकरं तुमच्याकडं आंघोळीला पाठवते. पत्ता द्या."

सर हसले. हसण्यासारखंच तोंड केलं म्हणा. फोटोग्राफर घड्याळ बघायला लागला. शेवटी सरांनी स्वतःची पाण्याची बाटली उघडली, एका रिकाम्या बादलीत ओतली, आणि बाईंनी ती बादली ओट्यावरून उपडी केली.

अहवालाच्या कव्हरवर तोच फोटो आहे. सांडताना दिसतंय ते सरांचं प्यायचं पाणी. परत येताना चिकलठाण्यापर्यंत त्यांना तहान लागली होती, पण माझ्या बाटलीतलं त्यांनी घेतलं नाही. उकळलेलं नव्हतं.

*

आता शेवटचा.

पहिल्या राउंडला जिथं डाव घालावा तिथं अळ्या. मग ट्रेनिंग झालं, पोस्टर लागले, सुरेखाताईंचा घसा बसला. दुसऱ्या राउंडला अळ्या जवळजवळ नाहीतच! सर इतके खूश की साळवेकाकांना स्वतःच्या गाडीत पुढं बसवलं.

मलाही आनंद झाला. लॅब आली होती समजा.

मग एकदा मुकुंदवाडी स्टेशनसमोर चहा पिताना रफिकभाई भेटले. त्या भागातले व्हॉल्व्ह ते फिरवतात. कोणत्या गल्लीला नळ कधी आले ते त्यांच्या डायरीत लिहिलेलं असतं, कारण लोक त्यावरून त्यांच्या अंगावर येतात. मी सहज डायरी चाळली आणि आमच्या तारखांशी लावून बघितली. चहा थंड झाला.

पहिला राउंड आम्ही सर म्हणतील तसा मारला होता, आणि नेमका नळ यायच्या आदल्या एक-दोन दिवसांत पडला होता. ड्रममधलं पाणी आठवड्याचं शिळं. त्या राउंडला निम्मी घरं बंद सापडली होती म्हणून सर भडकले होते. तेव्हा सुरेखाताई म्हणाल्या होत्या, "नळाच्या दिवशी जा, सगळ्या बाया घरी असतात. कामावर खाडा करतात." म्हणून सरांनी दुसरा राउंड नळाच्या दिवशी लावला. नळाच्या दिवशी या शहरातली बाई काय करते? तळातलं पाणी काढते, ड्रम घासते आणि नवीन भरते. त्यात अळ्या कुठून येणार?

मी सरांकडं गेलो. डायरीचे फोटो दाखवले. सरांनी बघितले आणि विचारलं, "तू दुसऱ्या वर्षाला किती विषयांत राहिला होतास?"

"राहिलो नव्हतो सर. सोडलं."

"तेच ते."

बाहेर साळवेकाकांनी माझा दंड धरला. "गणेश, गप बस. आधी लॅब मिळू दे, मग काय बोलायचं ते बोल. मी नोकरीत हेच केलं."

"मग मिळाल्यावर काय बोलला तुम्ही?"

काकांनी दंड सोडला.

मी आठ दिवस गप्प बसलो. खरंच बसलो. नवव्या दिवशी सादरीकरण होतं. दिल्लीच्या मॅडम आलेल्या, हॉल भरलेला, पुढच्या रांगेत शहरातले सगळे मोठे डॉक्टर. सरांनी पडद्यावर दोन खांब दाखवले, एक उंच, एक बुटका. टाळ्या. मग म्हणाले, "आमचे कार्यकर्ते फारसे शिकलेले नाहीत, तरी त्यांनी मेहनत केली. गणेश, उभा राहा. हा मुलगा पुढच्या महिन्यापासून आमच्या लॅबमध्ये येतोय." परत टाळ्या.

मी उभा राहिलो. सर म्हणाले, "कुणाला काही विचारायचं आहे?"

मी उभाच होतो.

"सर, पहिला राउंड आपण नळाच्या आदल्या दिवशी घेतला आणि दुसरा नळाच्या दिवशी."

पुढच्या रांगेतले दोन डॉक्टर पडद्याऐवजी बुटांकडं बघायला लागले. दोघांच्याही घरी टँकर येतो, नळाचा दिवस त्यांना कुठून माहीत! दिल्लीच्या मॅडमनी हिंदीत विचारलं, "ये नळाचा दिवस क्या होता है?"

सर म्हणाले, "मॅडम, ती एक स्थानिक बाब आहे. आपण चहाला..."

तेवढ्यात मागून सुरेखाताई उभ्या राहिल्या. बसलेल्या घशानं, हिंदी-मराठीची खिचडी करून त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं: नळ आठ दिवसाला येतो, त्या दिवशी ड्रम घासतात, न घासता भरला तर शेजारीण नावं ठेवते. ट्रेनिंगच्या आधीपासून घासतात. त्यांना स्वतःला लग्न होऊन आल्या आल्या शिकवलेलं.

सर माईकवर वाकले. घाम पुसला आणि हसले. "म्हणजे ट्रेनिंग यशस्वीच झालं ना, ताई!"

"व्हय सर," सुरेखाताई म्हणाल्या. "सासूचं."

लॅबची जागा मला मिळाली नाही. सध्या मी वाळूजला एका कंपनीत खोकी पॅक करतो.