पहिली एमटीबी निवडायला आलेले हिराजी काका

हिराजी काकांच्या फोटोखाली सायकलच्या शोरूमचा लोगो आहे.

परवा माणूस गेला. आज सकाळी आमच्या सायकलिंग ग्रुपवर पोस्टर आलं. 'ट्रिब्यूट राइड, रविवार, जर्सी कम्पल्सरी.' आणि स्पॉन्सर म्हणून नेमकं तेच शोरूम.

शिसारी आली. शोरूमची कमी, स्वतःची जास्त.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो.

नवी मुंबईतल्या पावणे गावात, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं सायकल रिपेअरचं दुकान. कारखान्यातल्या कामगारांच्या सायकली नीट करण्यात उभा जन्म गेला. मग आम्ही आलो. महापेतले आयटीवाले, पोट सुटल्यावर सायकल आठवलेले.

मला पहिली एमटीबी, म्हणजे चढावर चालणारी माउंटन बाइक, घ्यायची होती. खारघरच्या टेकडीवर ग्रुप जायचा आणि माझी कॉलेजातली जुनी सायकल अर्ध्यात मान टाकायची.

बजेट वीस हजार. त्यावर एक रुपया नाही, घरी तसं कबूल केलं होतं. महिनाभर व्हिडिओ बघून डोक्याचा पार भुगा झाला.

काकांनी अर्ध्या मिनिटात निकाल लावला.

"ह्या पैशान मागचा शॉकर घेव नको. सगला दिखावा हाय. चढावर तुजी आर्दी ताकद त्यानच जाते. पुढं एक शॉकर, हलकी फ्रेम न ब्रेक बरा. बस."

"काका, शोरूमला याल माझ्याबरोबर?"

"येतो ना. त्यान काय!"

शनिवारी दुपारी दुकान बंद करून आले. लग्नात घालायचा इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. नखांतलं ग्रीस मात्र निघालं नव्हतं. ते चाळीस वर्षांचं होतं.

पोस्टरवरच्या याच शोरूमच्या काचेच्या दाराशी त्यांनी चपला काढून ठेवल्या.

मला लाज वाटली. आज त्या लाजेची किळस येते.

आत माझ्या ऑफिसातले दोघं हेल्मेट बघत होते. मी त्यांना हाय केलं.

काकांनी तोवर एक साधी राखाडी सायकल उचलली, वीतभर वरून टायरवर आपटली आणि कान दिला. ते सायकल अशीच तपासायचे. जे सैल असतं ते वाजतं.

सेल्समन धावत आला. "ओ अंकल! हाथ मत लगाओ!"

मग माझ्याकडे वळला. "सर, ये आपके साथ हैं?"

मी म्हणालो, "नहीं."

एवढंच. एक शब्द.

काकांनी सायकल हळूच स्टँडला लावली. बाहेर गेले. चपला घातल्या.

आता पुढची अक्कल बघा माझी.

ते गेले नाहीत. काचेपलीकडे उन्हात उभे राहिले आणि त्या राखाडी सायकलकडे बोट करत राहिले. ही घे, ही घे. मला दिसत होतं. पण माझ्याबरोबर नसलेल्या माणसाचं ऐकू कसा? सेल्समन बघत होता. मी पाठ फिरवली.

आणि घेतली कोणती? लाल. जाड टायरची. पुढे-मागे डबल शॉकरवाली. बरोबर वीस हजारांत बसवून दिली त्याने.

सल्ल्याला माणूस आणला, त्याला ओळख दाखवली नाही, आणि त्याने नको सांगितलेलीच वस्तू घेऊन घरी आलो. ऑफिसातले दोघं म्हणाले, "भारी दिसते रे."

दोन शनिवार-रविवारांत ती चढावर उंटासारखी डुलायला लागली. मागून करकर. शेवटी तोंड लपवत पावणे गावात गेलो.

काकांनी सायकल उलटी केली, बोल्ट आवळले. वर न बघता म्हणाले, "तुना तवा सांगनार व्हतो. पन तू मना वलखतच नव्हतास."

मी सॉरी म्हणालो नाही.

"चहा सांगू का काका?" असं विचारलं.

त्यानंतर कुणीही "काका, सायकल बघायला चला" म्हटलं की त्यांचं एकच उत्तर. "नाय. मी हितूनच लिवून देतो."

मग बिस्किटाच्या पुड्याचा कागद फाडून त्यावर लिहायचे. फ्रेम हलकी. ब्रेक बघ. शॉकर पुढं एक. मागचा नको.

अर्ध्या ग्रुपने आपली पहिली एमटीबी त्या चिठ्ठीवर घेतली. सगळ्यांना ती काकांची स्टाईल वाटायची. आता ती चिठ्ठी जर्सीच्या पाठीवर छापणार आहेत.

स्टाईल नव्हती ती, मित्रांनो. माझ्यामुळे तो माणूस पुन्हा एकाही शोरूमची पायरी चढला नाही. नऊ वर्षं.

दुपारी ग्रुपच्या सेक्रेटरीचा फोन आला. "फ्लॅग-ऑफच्या आधी तू दोन शब्द बोल ना. तो चिठ्ठीचा किस्सा सांग, मस्त आहे."

मी त्याला खरा किस्सा सांगितला.

तो म्हणाला, "यार, हे नको ना. स्पॉन्सर समोर असणार. आणि बाकी कुणाला माहीत नाहीये, तू कशाला टेन्शन घेतोस?"

बाकी कुणाला माहीत नाही, याच भरवशावर मी नऊ वर्षं काढली आहेत.

म्हणून इथे लिहिलं. जर्सी घेणार नाही, रविवारी येणार नाही. ज्यांना शिव्या घालायच्यात त्यांनी कमेंटमध्ये घाला, एकही डिलीट करणार नाही.

परवा स्मशानात काकांचा मुलगा माझा हात धरून म्हणाला, "बाबा घरी नेहमी तुमचा नाव काढाचं. बोलाचं, चांगला पोर हाय."

मला वर बघवलं नाही.

काका, सॉरी. नऊ वर्षं उशिरा, तेही मोबाइलवर टाइप करून.

भावपूर्ण श्रद्धांजली लिहायची माझी लायकी नाही. नुसता नमस्कार करतो.