रस्त्यातली पुढची जागा

नवरा गेल्यापासून मला कुणी पुढे बसवलं नव्हतं. लग्नामुंजीत माझी जागा मागच्या पडवीत, नारळ खवायला. बारशाचं तर बोलावणंच नाही. पाळण्यापाशी सवाष्णी लागतात. रडणं माझ्या स्वभावात नाही, मी चिडते. चिडून नारळ खवायचे आणि बोटं सोलून घ्यायचे.

आमचं गाव गोव्यात, डिचोली तालुक्यात, कारापूरपासून चालत जाण्याएवढं. वर डोंगरात खाण आणि खनिजाचे ट्रक आमच्या झरीला चिकटून जायचे. भरून ठेवलेल्या कळशीच्या बुडाला सकाळी लाल चिखल. त्या दिवसांत गावातले पुरुष राजभाषेवरून भांडत, मराठी की कोंकणी. भांडण मात्र दोन्ही भाषांत चालायचं. पाण्याचं कुणी नाव काढत नव्हतं. काढतील कशाला, ते भरायचं आम्ही.

शेवटी माझ्या थोरल्या जावेने, वयनीने, बायका अंगणात जमवल्या. दगड मारायचा नाही, शिवी द्यायची नाही, सकाळी ट्रक सुटायच्या आधी रस्त्यात नुसतं बसायचं, असं ठरलं. मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तू सगळ्यांच्या पुढे बस गे."

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तसं झालं माझं. धुवट लुगडं नेसले, केस चापून बांधले आणि सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. एवढं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

पहिला ट्रक आला नि थांबला. ड्रायव्हर सिंधुदुर्गाकडचा, समोर लिंबू-मिरची बांधलेली. खाली उतरला, माझ्यावरून नजर काढून घेतली आणि मागे वयनीला हात जोडून म्हणाला, "वयनी, पयलीच खेप आसा माजी. तेवडा त्या बाईमाणसाक बाजूक करा. मगे तुमी बसा नायतर उठा."

मी मागे वळले. वयनी जमिनीकडे बघत होती. तिच्या बाजूच्या दोघी पदराआड हसत होत्या. पांढऱ्या कपाळाची बाई आडवी आली की ड्रायव्हर पहिली खेप नेत नाहीत, हे गावात सगळ्यांना ठाऊक. मलाही ठाऊक होतं. ती बाई म्हणजे मी, हे तेवढं डोक्यात आलं नव्हतं.

उठले असते तर ट्रक गेले असते. म्हणून बसले. दुसऱ्या दिवशी बसले, त्यानंतरही रोज बसले, रागाने बसले. मागे बायका गाणी म्हणायच्या, एकमेकींना आबोली माळायच्या. माझ्या शेजारी कुणी येत नव्हतं. आली असती तर माझा अपशकुन पातळ झाला असता ना.

खाणवाल्यांनी अखेर डोंगरामागून रस्ता काढला. पाणी हळूहळू निवळलं. बायका गावदेवी सातेरीची ओटी भरायला निघाल्या तेव्हा वयनी मला म्हणाली, "तू घराकडे रव. आज भात तू कर." गरज सरो, वैद्य मरो. मी भात केला.

ती परतल्यावर मी विचारलं, "वयनी, तू मला मुद्दाम पुढे बसवलंस?"

"होय," ती म्हणाली. "पण बाये, पाणी तुलाही लागतं ना?"

लागत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावातल्या तिघीजणी आल्या. त्यांच्याही शेतात खाणीची माती उतरत होती आणि त्याही रस्त्यात बसायचं म्हणत होत्या. वयनीने चहा दिला. त्यांतली एक अडखळत म्हणाली, "तुमच्याकडची ती पुढे बसणारी, तिला चार दिवस धाडाल काय?"

मी दारातच उभी होते. या खेपेला वयनी माझ्या वतीने बोलली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"येईन," मी म्हटलं. "तुमच्या मधे बसवाल तर."

तिघींनी एकमेकींकडे बघितलं. चहा संपवला, पदर सावरले आणि विचारून कळवतो म्हणाल्या.

बरेच दिवस अंगणात पाऊल वाजलं की मी बाहेर येऊन बघायचे.