बुजवलेल्या विहिरीतला ताड

उघड्या रानात चालता चालता ताडबाई मध्येच थांबायच्या आणि आवाज खाली आणायच्या. वैशाखातलं ऊन, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली काळी जमीन, सावलीला बाभळीचं झुडूपसुद्धा नाही; आणि या बाई कुणाच्या घरात शिरल्यासारख्या दबक्या पावलांनी चालू लागलेल्या. "हळू," त्या मला म्हणायच्या, "इथं खाली जंगल आहे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. पुढं कधी हसू आलं नाही.

दारव्ह्याच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. बोरी अरबजवळच्या एका बंजारा तांड्यातून शिकून प्राध्यापक झालेल्या त्या पहिल्याच. दगड झालेल्या ताडांवर त्यांचा सगळा अभ्यास, म्हणून पोरांनी हे नाव पाडलेलं. त्यांना ते आवडायचं.

दरवर्षी पहिल्या तासाला त्या नाल्याकाठच्या शिंदीचा वाळका बुंधा कापून आणायच्या आणि शेजारी दगडाची घासून चकचकीत केलेली चकती ठेवायच्या. दोन्हींवर सारखेच ठिपके. "हे ठिपके म्हणजे नळ्यांची तोंडं. यांतून पाणी वर चढायचं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीही असंच, आजही असंच. किती झाडं आली नि गेली, ताडानं आपली घडण फारशी मोडली नाही." मग त्या सांगायच्या, की आपल्या पायाखाली लाव्हाचे थरावर थर आहेत. दोन थरांच्या मधे मोठा निवांत काळ गेला, तेव्हा इथं तळी साचली, काठाला ताड वाढले. उन्मळून पडलेली खोडं गाळात रुतली, पाण्यात विरघळलेली गार, म्हणजे सिलिका, त्यांच्यात मुरत गेली आणि लाकडाचा दगड झाला. "त्यांच्यासोबत सापडणाऱ्या बाकीच्या लाकडांत वर्षाची वलयं क्वचितच दिसतात. म्हणजे कडक थंडी नाही, कोरडा उन्हाळा नाही. बारा महिने ऊब आणि ओल." टँकरच्या गावांतून आलेली पोरं हे ऐकून खिडकीबाहेर बघत बसायची.

कुठं विहीर खोदली जात असल्याचं कळलं, की बाई तिथं हजर. पण दगड बघायच्या आधी त्या विहिरीची कड बघायच्या. माती सुटलेली दिसली, की काठावरूनच ओरडायच्या, "वर या आधी! सगळे वर या!" विद्यार्थ्यांना त्यांनी कधी खाली उतरू दिलं नाही. जे मिळेल ते बाहेर टाकलेल्या ढिगाऱ्यातून. बाहेरचे संशोधक कुरकुरायचे, की ढिगाऱ्यातल्या दगडाचा थर कसा कळणार? "नाही कळणार," बाई म्हणायच्या. "चालेल मला."

यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, स्टाफरूममध्ये दोघीच असताना. त्या बीएस्सीला होत्या तेव्हा तांड्यातल्या त्यांच्या शेतात विहीर चालली होती. मोठा भाऊ सुदाम खाली उतरून खोदायचा. काळ्या दगडाखाली पांढुरका थर लागला आणि त्यात ठिपक्यांचा एक दगड निघाला. बाईंनी तो प्राध्यापकांना दाखवला, ते हरखून गेले. घरी येऊन बाई भावाला म्हणाल्या, "असा आणखी दिसला त काढजो माह्यासाठी." दुसऱ्या दिवशी सुदाम कडेतला एक मोठा तुकडा पहारीनं सैल करत होता. त्या तुकड्यासोबत सगळी कड खाली आली. त्याला बाहेर काढलं तेव्हा जीव नव्हता. वडिलांनी विहीर बुजवून टाकली.

"मी घरी कुणाला सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "अजून नाही."

काही वर्षांनी बाहेरगावच्या एका संस्थेतले संशोधक आले. बाईंकडच्या त्या पहिल्या दगडात खोडाला चिकटलेलं एक फळ होतं, त्यांनी पूर्वी न पाहिलेलं. त्या झाडाचे आणखी तुकडे मिळवायला बुजवलेली विहीर पोकलेननं उघडू, कुणाला उतरावं लागणार नाही, असं ते म्हणाले. बाईंच्या संपूर्ण अभ्यासाचं चीज होणार होतं. पण शेत आईच्या नावावर होतं. बाई मला म्हणाल्या, "तुम्ही चला सोबत. एकटीनं जमणार नाही."

आम्ही जीपनं तांड्यात गेलो. त्यांची आई, सगळ्यांची याडी, ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. लेकीशी ती बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायची, पण मी आहे म्हणून वऱ्हाडीत आली. बाईंनी विहिरीचं सांगितलं. मग एकदम म्हणाल्या, "याडी, त्या दिवशी दगड काढ म्हून मीच म्हनलं होतं त्याले."

म्हातारीचे हात थांबले नाहीत. "मले मालूम हाये. सकाळीच सांगून गेलता थो. बहिनीच्या कालेजासाठी दगड आनतो म्हने. लय खुश होता."

"मंग इतकी वर्सं बोलली काहून नाही?"

"बोलली असती त तू कालेज सोडलं असतं."

बाईंनी पदर तोंडावर घेतला. मग म्हातारीनं विचारलं, "थ्या झाडाले काय झालतं?"

"गाळात पडलं होतं. मंग वरून आगीचा दगड वाहत आला. त्याच्याखाली दबलं."

"म्हंजे थेबी दबूनच गेलं." शेंग तिच्या बोटांत तशीच राहिली. "मंग राहू दे, बाई. माह्या पोराले सोबत हाये थे."

बाईंनी संशोधकांना नाही म्हणून कळवलं. ते फळ कोणत्या झाडाचं, हे ठरायचं राहून गेलं. त्याबद्दल त्यांना हळहळताना मी पाहिलं नाही. उलट सुट्टीत त्या तांड्यावर जास्त राहू लागल्या.

गेल्या वर्षी थोड्या दिवसांच्या आजारपणानं ताडबाई गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा याडी त्याच ओट्यावर होती, समोर सूप रिकामं. तिनं मला जवळ बसवून घेतलं. माझा हात चाचपत म्हणाली, "तुमी शिकलेल्या हा. मले सांगा. झाडाचा दगड होते, लाखो वर्सं राह्यते, असं माही पोरगी सांगे. मंग मानसाचं काहून काहीच राह्यत नाही?"

रस्त्यावर मला परत न्यायला थांबलेला जीपवाला हॉर्न देत राहिला. मी मोकळ्या हातानं त्याला जा म्हणून खुणावलं.